पहिल्या क्रूझला निघताना: केबिन, घड्याळ, तब्येत आणि शेजारधर्म

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात रात्रींची पहिलीच क्रूझ आहे, सोबत सत्तरी गाठलेले आईवडील आणि पाच वर्षांचं मूल आहे. निघण्याआधी काय तयारी करायची, जहाजावर काय पाळायचं आणि नवखे प्रवासी नेमके कुठे चुकतात?

जहाजावर दोन-चार हजार माणसं एकाच सांडपाण्याच्या व्यवस्थेवर, मोजक्या लिफ्ट-जिन्यांवर, एकाच बुफेवर आणि एकाच घड्याळावर राहतात. त्यामुळे घरी केलेली चूक घरात राहते, पण जहाजावरची चूक शेजारच्या केबिनांपर्यंत आणि कधीकधी सगळ्या जहाजापर्यंत पोहोचते. पुढे येणाऱ्या बहुतेक नियमांमागे हेच कारण आहे. म्हणून नियमासोबत त्याचं कारणही देतो आहे. कारण कळलं की नियम जाचक वाटत नाही.

केबिन घेताना लोक खिडकी की बाल्कनी याच विचारात अडकतात. आईवडील सोबत असतील तर आधी जागा बघा. लाटांवर जहाज पुढेमागे झुलतं तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. जितकं वर जाल तितका बाजूचा हेलकावाही जास्त जाणवतो. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची (मजल्यावरची) केबिन उत्तम. वरच्या डेकवरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा खाली मध्यावरची साधी खिडकी बरी.

त्यानंतर डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते तपासा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज थेट छतातून येतो, खाली थिएटर किंवा नाचाचा क्लब असेल तर रात्री ढोल जाणवतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनाच असतील तर निर्धास्त घ्या. अगदी पुढच्या खालच्या केबिनांत बंदराला लागताना बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाला आडवं सरकवणारे पुढचे पंखे, पहाटे पाच-सहाला जाग आणतात. नांगर टाकायचा असेल तर साखळीचा खडखडाटही ऐकू येतो. मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिना तुमच्यासारख्या कुटुंबाला फार सोयीच्या, पण पलीकडे अनोळखी माणसं असतील तर त्याच दारातून त्यांचं बोलणं ऐकू येतं. लिफ्टपासून चार-पाच दारं दूर असलेली केबिन ज्येष्ठांना चालायला जवळ पडते आणि लिफ्टची गर्दीही कानावर येत नाही. ‘गॅरंटी’ प्रकारात केबिन कंपनी ठरवते. भाडं कमी असतं, पण ज्येष्ठ सोबत असताना हा प्रकार मी सुचवणार नाही.

साध्या केबिनच्या न्हाणीघराला बहुतेक वेळा उंबरठा असतो, आणि ज्येष्ठ माणसं रात्री अंधारात त्यालाच अडखळतात. एक छोटा रात्रीचा दिवा सोबत न्या, बॅटरीवर चालणारा. आईवडिलांपैकी कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर रुंद दाराची, उंबरठा नसलेली केबिन मागा. अशा केबिना प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. साध्या केबिनच्या दारातून व्हीलचेअर आत गेली नाही तर ती बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवता येत नाही, कारण आणीबाणीत तोच बाहेर पडायचा रस्ता असतो. मुलाच्या बाबागाडीलाही हाच नियम. घडी होणारीच न्या.

कागदपत्रांत तीन ठिकाणी गफलत होते. पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर सहा महिने वैध असावा अशी अनेक देशांची अट असते, ती मोजताना लोक निघायची तारीख धरतात. दुसरं, जहाज एखाद्या हद्दीतून बाहेर जाऊन पुन्हा तिथेच परतत असेल, उदाहरणार्थ शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, देशातून निघून तुर्कस्तान करून पुन्हा शेंगेनमध्ये, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. तिसरं, तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. कागद अपुरे असतील तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि भाडंही परत मिळत नाही. जहाज सुटतं त्याच दिवशी सकाळी विमानाने त्या शहरात उतरायचा बेत करू नका. आदल्या दिवशी पोहोचा. विमान सहा तास उशिरा आलं तर विमानकंपनी दुसरं विमान देते, दुसरं जहाज देत नाही.

विमा घेताना वैद्यकीय खर्चासोबत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’, म्हणजे रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च, आहे का ते बघा. जहाजावरचं वैद्यकीय केंद्र ईसीजी, रक्ततपासणी, सलाईन, तात्पुरते उपचार एवढं करतं. मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही, रुग्णाला पुढच्या बंदरातल्या रुग्णालयात किंवा हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. तो खर्च फार मोठा असतो. जहाजावरच्या उपचारांचं बिल तुमच्या खात्यावर चढतं, विम्याचा दावा नंतर तुम्ही करायचा असतो. आईवडिलांना रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल तर अर्जात तो स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजारावरून दावे फेटाळले जातात. कुटुंबात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या प्रवासादरम्यान २४ वा आठवडा लागत असल्यास चढू देत नाहीत. तान्ह्या बाळांना साधारण सहा महिन्यांची आणि लांबच्या सफरींवर बारा महिन्यांची किमान वयाची अट असते.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. हजारो बॅगा एक्स-रेतून काढून मजल्यांवर वाटायच्या असतात, त्याला इलाज नाही. म्हणून पासपोर्ट, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, मुलाचे पोहायचे कपडे आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती देऊन बसलेली कुटुंबं धक्क्यावर नेहमी दिसतात आणि ती बॅग शोधून काढेपर्यंत त्यांना चढता येत नाही. औषधं मूळ वेष्टनात आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची जास्त ठेवा. हवामानामुळे जहाज एखादा दिवस उशिरा परतणं अगदीच दुर्मीळ नाही.

इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, ड्रोन, लांब पात्याचा सुरा घरीच ठेवा. त्या तपासणीत काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा भाग) असलेला एक्सटेन्शन बोर्डही नेऊ नका. घरच्या वायरिंगमध्ये एक तार जमिनीशी जोडलेली असते, जहाजावर बहुधा दोन्ही तारा जिवंत असतात आणि घरगुती सर्ज प्रोटेक्टर अशा जोडणीत तापून पेटू शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये यावर खास सूचना काढली होती. काही कंपन्या आता कुठलीच एक्सटेन्शन चालवून घेत नाहीत. चार-पाच यूएसबी तोंडांचा साधा चार्जर पुरतो. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादाच्या असतात, म्हणून दोन-चार चुंबकी हुक न्या. टोप्या, ओळखपत्रं, ओले कपडे टांगायला उपयोगी पडतात. केबिनमध्ये जागा नसते ती जमिनीवर, भिंती मोकळ्याच असतात.

आता ड्रिल, म्हणजे आणीबाणीचा सराव. हा भाग गंभीरपणे घ्या. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिविताव्हेकियाला चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमात चढल्यापासून २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. आता अनेक जहाजांवर फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर चित्रफीत पाहून मग आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन हजेरी लावायची असते. ती लावली नाही तर तुमचं नाव पुकारलं जातं आणि तरीही न आल्यास उतरवूही शकतात.

हजेरीपुरतं जाऊन येऊ नका. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा, आईवडिलांना आणि मुलाला घेऊन. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजून ठेवा, धुरात दिसत नाही तेव्हा हाताने चाचपत जाता येतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो ऐकल्यावर गरम कपडे, बंद पायाचे बूट आणि रोजची औषधं घ्या आणि निघा, बॅगा नाही. लाइफजॅकेट केबिनमध्ये आहेत की मस्टर स्टेशनवर मिळणार ते पहिल्याच दिवशी विचारा आणि मुलाच्या मापाचं वेगळं मागून घ्या. मूल चुकलं तर कर्मचाऱ्यांना कुठे न्यायचं ते कळावं म्हणून मुलांच्या मनगटावर मस्टर स्टेशनचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात. ती आठवडाभर काढायची नाही. आईवडिलांना जिने उतरता येत नसतील तर तसं रिसेप्शनवर नोंदवा. अशा प्रवाशांना न्यायला माणसं नेमलेली असतात, पण नाव यादीत असेल तरच.

कुणी पाण्यात पडताना दिसलं तर तिथून पळू नका. जवळचं तरंगतं कडं (लाइफबॉय) फेका, मोठ्याने ओरडा आणि त्या माणसाकडे हात रोखून उभे राहा, नजर हलवू नका. लाटांत डोकं काही सेकंदांत दिसेनासं होतं. फोन दुसऱ्या कुणाला करू द्या.

केबिनमधल्या सवयींत पहिली गोष्ट शौचालयाची. ते हवेच्या दाबाने ओढणारं असतं आणि नळ्या घरच्यापेक्षा अरुंद असतात. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कापूस, उरलेलं अन्न यातलं काहीही टाकलं की त्या भागातल्या अनेक केबिनांची शौचालयं एकदम बंद पडतात. पाकिटावर ‘फ्लश करता येणारे’ लिहिलेले वाइप्ससुद्धा नाहीत. झाकण लावून मगच बटण दाबा. आवाज मोठा असतो, मुलाला आधी सांगून ठेवा.

बाल्कनी असेल तर दोन गोष्टी. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडलं की वारा आरपार घुसतो आणि जड दार धाडकन आपटतं. बोटं चेमटण्याच्या दुखापती जहाजांवर नेहमी होतात त्या अशाच. मुलाला दाराच्या कडेला हात लावू देऊ नका, फक्त मुठीला. दुसरं, बाल्कनीतून सिगारेटचं थोटूक कधीच टाकायचं नाही. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस जहाजाला लागलेली आग एका बाल्कनीतून सुरू झाली. विझवून न टाकलेली सिगारेट हेच तिचं संभाव्य कारण तपासात मानलं गेलं. आग शेजारच्या बाल्कन्यांमधून पसरली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. वाऱ्याने थोटूक खाली न जाता मागच्या बाल्कनीत येऊन पडतं, तिथे टॉवेल वाळत असतो. म्हणून ओढायचं ते ठरवून दिलेल्या जागीच, व्हेपसुद्धा. बाल्कनीच्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून दूर ठेवा आणि मुलाला तिथे एकटं सोडू नका. समुद्रात काहीही टाकू नका, अगदी फळाची सालही.

तब्येतीत सगळ्यांत जास्त भीती पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसची. जहाजं फार घाणेरडी असतात म्हणून तो पसरतो असं नाही. हजारो हात एकाच कठड्याला, एकाच चिमट्याला, लिफ्टच्या एकाच बटणाला लागतात आणि विषाणूचे फार थोडे कण पोटात गेले तरी पुरतात. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. इथे एक गैरसमज फार पसरला आहे: बुफेच्या दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर चोळलं की झालं. अल्कोहोल या विषाणूवर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान २० सेकंद, हाच उपाय. खाण्याआधी, शौचानंतर आणि बंदरावरून परतल्यावर, दरवेळी. बुफेचे चिमटे सगळ्यांनी हाताळलेले असतात. वाढून घेऊन टेबलावर बसल्यावर हाताने खाणार असाल तर वाढून घेतल्यानंतर पुन्हा हात धुवा.

उलटी-जुलाब झाले तर लगेच केबिनमधून वैद्यकीय केंद्राला फोन करा, चालत जाऊ नका. लोक लपवतात, कारण लक्षणं थांबल्यानंतरही साधारण २४ ते ४८ तास केबिनमध्येच राहायला सांगतात आणि सुटी वाया जाईल असं वाटतं. पण लपवणारा माणूस दुसऱ्या दिवशी बुफेच्या रांगेत उभा असतो आणि तिथून साथ सुरू होते. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के आजारी पडले की सीडीसी ही आरोग्यसंस्था ती साथ जाहीर करते. मग चिमटे काढून घेतले जातात, बुफेवर वाढपी उभे राहतात. केबिनमध्ये राहिलात तर खाणं-पाणी दाराशी येतं, स्वच्छतेची वेगळी माणसं येतात. कळवणं लाजिरवाणं नाही, न कळवणं चुकीचं आहे. आईवडिलांच्या वयात पाणी झपाट्याने कमी होतं, म्हणून ओआरएसची दहा-बारा पाकिटं सोबत असू द्या.

बोट लागण्याबद्दल थोडक्यात. मोठ्या जहाजांना बाजूला पंख असतात. ते डावी-उजवीकडचा हेलकावा बराच कमी करतात, पुढेमागे झुलणं मात्र कमी करत नाहीत. कान हालचाल सांगतो आणि डोळे स्थिर भिंत पाहतात, या विसंगतीने मळमळ होते. म्हणून मळमळायला लागलं की आडवं पडून फोन बघू नका, मधल्या डेकवर मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघा, थोडं कोरडं खा, पोट रिकामं ठेवू नका. मेक्लिझिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी तासभर घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते आणि ज्येष्ठांना तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं. आईवडिलांसाठी आणि मुलासाठी काय द्यायचं ते निघण्याआधीच तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. समुद्र खवळलेला असताना जिन्यात आणि कॉरिडॉरमध्ये एक हात सतत कठड्यावर हवा.

बंदरावर उतरल्यावर सगळ्यांत मोठी चूक घड्याळाची होते. जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं आणि ती किनाऱ्यावरच्या वेळेपेक्षा एक तासाने वेगळी असू शकते. फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप तिथली वेळ दाखवतो. म्हणून फोनवरची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा किंवा साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा, आणि गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर, लावलेल्या फलकाचा फोटो काढून मगच उतरा. ‘सगळे परत’ ही वेळ सुटण्याच्या वेळेच्या बहुधा अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी तासभर. ती शेवटची वेळ आहे. तुम्ही ठरवलेली वेळ तिच्याही तासभर आधीची हवी.

जहाज एका कुटुंबासाठी थांबत नाही याचं कारण निष्ठुरपणा नाही. धक्क्याची वेळ ठरलेली असते, जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट ठरलेला असतो, काही बंदरांत भरती-ओहोटीही सांभाळायची असते, आणि उशीर झाला की पुढच्या बंदरातली जागा जाते. जहाजाने आयोजित केलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र फिरणाऱ्यांची ती जबाबदारी कुणी घेत नाही. यावरून माझा सल्ला असा: लांब अंतराची, एकच रस्ता असलेली ठिकाणं जहाजाच्या सहलीतून करा, बंदराला लागून असलेलं शहर स्वतः फिरा, ते स्वस्तही पडतं आणि आईवडिलांच्या चालीने होतं. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या बंदरातल्या जहाजकंपनीच्या एजंटचा फोन क्रमांक छापलेला असतो. तो लिहून ठेवा, कारण जहाज चुकलं तर पहिला फोन त्यालाच करायचा. पासपोर्टची प्रत आणि आईवडिलांची एका दिवसाची जादा औषधं अंगावर असू द्या.

काही ठिकाणी, सँटोरिनीसारख्या बेटांवर, मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी नेतात. सकाळी क्रमांकाची चिठ्ठी मिळते. क्रमांक येईपर्यंत लाउंजमध्ये बसा, जिन्यात गर्दी करू नका. टेंडरमध्ये पाऊल टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत, बॅग पाठीवर. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं, आणि त्याला आपला हात पंजाला न धरता कोपराखाली धरू द्यायचा, म्हणजे पकड सुटत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे खरोखर अवघड आहे. बुकिंग करतानाच कोणती बंदरं टेंडरची आहेत ते बघा. लाटा वाढल्या तर कॅप्टन ते बंदर रद्द करतो. त्यावरून रिसेप्शनशी वाद घालण्यात अर्थ नसतो, निर्णय सुरक्षेचा असतो. बंदराचं शुल्क मात्र बहुतेक कंपन्या परत करतात. परतताना फळं, मांस, रोपं आणू नका आणि बुफेतलं फळ किनाऱ्यावर नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यासाठी मोठा दंड होतो.

फोन जहाज सुटण्याआधी एअरप्लेन मोडवर टाका. खुल्या समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते उपग्रहावरून चालतं आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा येत नाही. हातात न घेतलेला फोनसुद्धा मागच्या मागे फोटो चढवत राहतो आणि बिल महिनाअखेरीला कळतं. जहाजाचं वायफाय एअरप्लेन मोडमध्येही चालतं.

पैशांचं असं की केबिनची चावी म्हणजेच तुमचं खातं. पहिल्या दिवशी ते क्रेडिट कार्डाला जोडा, डेबिट कार्डाला नको. कंपनी अंदाजे रक्कम रोज अडकवून ठेवते आणि डेबिट कार्डावर ते तुमचेच पैसे कित्येक दिवस गोठतात. दर दोन दिवसांनी खात्याचा तपशील बघा. शेवटच्या रात्री रिसेप्शनसमोर लांब रांग लागते आणि चार दिवसांपूर्वीचं बिल कुणाला आठवत नाही. पेयांचं पॅकेज घेताना एकाच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावं लागेल का हे वाचा. रोजची टिप, दर माणशी, बहुतेक कंपन्या आपोआप लावतात. बारच्या बिलातही सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, तिथे पुन्हा टिप लिहायची सक्ती नाही. रोजची टिप काही प्रवासी पहिल्याच दिवशी काढून टाकतात. तसं करू नका. ती रक्कम केबिन आवरणारा स्टुअर्ड, वाढपी आणि तुम्हाला कधीच न दिसणारे धुलाई-भांड्यांचे लोक यांच्यात वाटली जाते आणि अनेक कंपन्यांत त्यांच्या कमाईचा मोठा भाग तीच असते.

या माणसांबद्दल थोडं अधिक. त्यांचे करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि आठवड्याची सुटी नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार त्यांना २४ तासांत निदान १० तास विश्रांती मिळायला हवी, यावरून कामाचे तास किती ते ओळखा. तुमचा स्टुअर्ड एकाच वेळी कितीतरी केबिना सांभाळतो. पलंग वेगळे हवेत, उशी जास्त हवी, फ्रिज औषधासाठी रिकामा हवा, हे पहिल्याच दिवशी एकदम सांगा आणि रोज साधारण ठरावीक वेळी केबिन मोकळी करा. नावाने हाक मारा. चांगलं काम केलेल्याचं नाव अभिप्रायात लिहा. पुढच्या करारात आणि बढतीत त्याचा खरोखर विचार होतो. त्याला केबिनमध्ये गप्पांना बोलावू नका, फोन क्रमांक मागू नका. प्रवाशांशी जवळीक केल्यावर नोकरी जाते. आणि ‘वाईट अभिप्राय लिहीन’ असं दडपण कधीही आणू नका.

जेवणघरात ठरलेल्या वेळेचं टेबल घेतलं असेल तर वेळेवर या, कारण एका टेबलाचे पदार्थ स्वयंपाकघरातून एकत्र निघतात. एक कुटुंब वीस मिनिटं उशिरा आलं की बाकीचे थांबतात. एखाद्या रात्री येणार नसाल तर आदल्या रात्री वाढप्याला सांगा. खाण्याचं पथ्य किंवा ॲलर्जी बुकिंगच्या वेळी लेखी आणि पहिल्या रात्री पुन्हा तोंडी सांगितली तर दुसऱ्या दिवसाचं जेवण आदल्या रात्रीच ठरवून घेता येतं. बुफेत दरवेळी नवीन थाळी घ्या, ताटात घेतलेलं परत ठेवू नका, आणि मुलाला स्वतः वाढून घ्यायला पाठवू नका.

तलावाकाठच्या खुर्च्या हा जहाजावरच्या भांडणांचा सर्वांत मोठा विषय आहे. सकाळी सहाला टॉवेल टाकून, वर पुस्तक ठेवून लोक नाश्त्याला आणि मग बंदरावरही जातात. बहुतेक जहाजांवर तीस-चाळीस मिनिटं रिकामी राहिलेली खुर्ची कर्मचारी मोकळी करतात. तुम्ही दुसऱ्याचा टॉवेल स्वतः उचलू नका, कर्मचाऱ्याला सांगा. डायपर घालणाऱ्या मुलांना सामाईक तलावात बहुधा मनाई असते, पोहायचं डायपर असलं तरी, कारण एका अपघाताने तलाव रिकामा करून तासन् तास निर्जंतुक करावा लागतो. तलावावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. मूल पाण्यात असेल तर तुमची नजर त्याच्यावर हवी.

लिफ्टमध्ये आधी बाहेर येणाऱ्यांना येऊ द्या. दोन-तीन मजले खाली जायचं असेल तर जिन्याने जा, लिफ्ट व्हीलचेअरवाल्यांना मोकळी राहते. नाटक सुटल्यावर पंधरा मिनिटं थांबलात तर आईवडिलांना गर्दीशिवाय जागा मिळेल. थिएटरमध्ये दोघांनी दहा जागा अडवू नयेत, कार्यक्रमाचं चित्रण करू नये. रात्री दहानंतर कॉरिडॉरमध्ये हळू बोला आणि केबिनचं दार हाताने धरून लावा. भिंती पातळ असतात आणि पलीकडे कदाचित पहाटेच्या सहलीला जाणारे झोपलेले असतात. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला तो लांब कॉरिडॉर पळायला बोलावणार, त्याची जिरवायची ऊर्जा वरच्या खेळाच्या डेकवर जिरवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून साधारण दहा ते बाराच्या दरम्यान दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी उद्याचे कपडे, बूट, औषधं, पासपोर्ट आणि टूथब्रश बाजूला काढा. अंगावरचे रात्रीचे कपडे सोडून सगळं बॅगेत गेलं, असं दर सफरीला कुणाचं तरी होतं. सगळ्या बॅगा स्वतः उचलून नेऊ शकत असाल तर बॅग बाहेर ठेवायची गरज नाही, तसं आधी नोंदवलं की सर्वांत आधी उतरता येतं. ज्येष्ठ आणि मूल सोबत असताना मात्र बॅगा देऊन टाका आणि उशिराच्या गटाची पट्टी मागा. तिजोरी, पलंगाखालची जागा, दारामागचे आणि भिंतीवरचे चुंबकी हुक, फ्रिजमधलं औषध एकदा तपासा. केबिन आठच्या सुमारास सोडावी लागते, कारण त्याच दुपारी नवे प्रवासी चढतात. आपला गट पुकारेपर्यंत जिन्यात न थांबता लाउंजमध्ये बसा. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. धुक्याने किंवा इमिग्रेशनच्या रांगेने दोन तास सहज जातात.